उंदराचा मेंदू संगणकात: विभागांचे मॉडेल आणि पेशींचे मॉडेल

‘उंदराचा संपूर्ण मेंदू संगणकावर उभा केला’ अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते, आणि ती वाचणाऱ्याच्या मनात बहुधा एकच चित्र उभे राहते: खऱ्या मेंदूतील प्रत्येक चेतापेशीची नक्कल यंत्रात चालू आहे. प्रत्यक्षात या एका वाक्याखाली दोन निराळ्या जातीची कामे खपवली जातात. एका प्रकारात मेंदूचे विभाग पाडून प्रत्येक विभागाची सरासरी सक्रियता समीकरणांत मांडतात, तर दुसऱ्यात एकेक चेतापेशी स्वतंत्र घडवून त्या एकमेकींना जोडतात.

विभागांच्या मॉडेलचा पाया म्हणजे सिएटल येथील ॲलन इन्स्टिट्यूटने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेला उंदराच्या मेंदूतील जोडण्यांचा नकाशा. हिरवे चमकणारे प्रथिन तयार करायला लावणारा निरुपद्रवी विषाणू मेंदूत एका जागी टोचायचा आणि तिथल्या पेशींचे तंतू कुठवर पोचतात हे मेंदूचे काप काढून पाहायचे, अशी ती पद्धत होती. कोणता विभाग कोणाकडे संदेश पाठवतो, हे दिशेसकट कळते हा तिचा मोठा फायदा. या नकाशावर 2017 मध्ये ‘व्हर्च्युअल माउस ब्रेन’ उभे राहिले. त्यात विभागातील हजारो-लाखो पेशींऐवजी मोजकीच समीकरणे असतात. विल्सन आणि कोवान या संशोधकांनी 1972 मध्ये घालून दिलेल्या वाटेनेच ही रीत पुढे आली. दिंडी कुठवर आली हे सांगायला प्रत्येक वारकऱ्याच्या पावलाचा हिशेब लागत नाही, तसे हे आहे. मॉडेलमधून निघालेल्या सक्रियतेचे रूपांतर रक्तातील ऑक्सिजनच्या संथ चढउतारात करतात आणि खऱ्या उंदराच्या एफएमआरआयमध्ये, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनवरून मेंदूची सक्रियता टिपणाऱ्या तपासणीत, ज्या विभागांच्या जोड्या एकत्र वरखाली होतात, त्यांच्याशी ते ताडून पाहतात. अशाच तुलनेतून 2019 मध्ये दिसले की विषाणूच्या पद्धतीने मिळालेला नकाशा एमआरआयवरून काढलेल्या तंतूंच्या नकाशापेक्षा सरस भाकीत करतो. एमआरआयवरून तंतू दिसतो, पण संदेश कोणत्या टोकाकडे जातो हे कळत नाही. माणसाच्या मेंदूत असा विषाणू टोचता येत नाही. उंदराचे महत्त्व येथे आहे.

पेशींच्या मॉडेलचे मूळ 1952 च्या हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांच्या समीकरणांत आहे. पेशीच्या पटलातून सोडियम आणि पोटॅशियमचे आयन कसे आत-बाहेर करतात, त्यातून विद्युत ठोका कसा उठतो, हे ती सांगतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे 2005 मध्ये सुरू झालेल्या ब्लू ब्रेन प्रकल्पाने दहा वर्षांनी सुमारे 31,000 पेशींचा एक तुकडा सादर केला, आणि तोही उंदराचा नव्हे, घुशीच्या जवळच्या ‘रॅट’चा. ॲलन इन्स्टिट्यूटने 2020 मध्ये उंदराच्या मेंदूतील दृष्टिक्षेत्राचे, म्हणजे डोळ्यांकडून आलेली माहिती हाताळणाऱ्या भागाचे, सुमारे 2 लाख 30 हजार पेशींचे मॉडेल मांडले. 2025 मध्ये जपानच्या फुगाकू महासंगणकावर सुमारे 90 लाख पेशी आणि 26 अब्ज सिनॅप्स (पेशीपेशींमधील जोडण्या) असलेले कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, चालवून दाखवण्यात आले. कामगिरी थक्क करणारी आहे, यात वाद नाही. तरीही ते केवळ कॉर्टेक्स आहे. उंदराच्या मेंदूत सुमारे 7 कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या बाजूच्या लहान मेंदूत, असतात. म्हणजे ज्या मॉडेलमध्ये मेंदू खरोखर ‘संपूर्ण’ आहे त्यात एकही पेशी नाही, आणि ज्यात पेशी आहेत त्यात मेंदू संपूर्ण नाही.

दोन्ही गोलार्धांना जोडणारे तंतू तोडले तर दूरच्या विभागांचा मेळ कितपत बिघडेल, हा प्रश्न पहिल्या मॉडेलला विचारता येतो. सोडियमची वाट अडवणाऱ्या औषधाने ठोक्यांचे काय होईल, हे मात्र दुसऱ्यालाच विचारावे लागते, कारण पहिल्यात ती वाटच नाही. पेशींची संख्या मोठी म्हणून उत्तर अधिक विश्वसनीय, असे समजणे मला घाईचे वाटते. उंदराच्या दृष्टिक्षेत्रातील एका घन मिलिमीटरमधील 50 कोटींहून अधिक सिनॅप्सचा आराखडा 2025 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि एवढ्याशा तुकड्यासाठी अनेक संस्था वर्षानुवर्षे राबल्या. अख्ख्या कॉर्टेक्सचे असे मोजमाप उपलब्ध नाही. त्यामुळे अब्जावधी जोडण्या संभाव्यतेच्या नियमांनी भराव्या लागतात.

अलीकडे या दोहोंना जोडण्याचेही प्रयत्न होत आहेत. मेंदूचा एखादाच विभाग, उदाहरणार्थ स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसचा भाग, पेशींच्या पातळीवर उलगडायचा आणि उरलेला मेंदू सरासरीतच ठेवायचा. खरी अडचण सीमेवर येते. पेशींच्या ठोक्यांची सरासरी काढणे सोपे असते. उलट दिशेने, बाहेरून आलेल्या सरासरीचे ठोके करताना ते नेमक्या कोणत्या क्षणी पडले हे पुन्हा यादृच्छिक आकड्यांनीच ठरवावे लागते.