घाणेरी काढणे (पुणे परिसर)

रानात, टेकडीवर किंवा पडीक जमिनीत माजलेली परदेशी झुडपे मुळापासून काढून मूळच्या झाडोऱ्याला जागा करून देण्याचे काम. नाव घाणेरीचे असले तरी पुणे परिसरात त्यात रानमोडी, सुबाभूळ, गिरिपुष्प आणि गाजरगवतही येते. मुळशी, मावळ, भोर या बाजूला एक-दोन एकर उताराची जमीन असलेली कुटुंबे, देवराई राखणारे गावकरी आणि वेताळ टेकडी, तळजाई अशा शहरी टेकड्यांवर श्रमदान करणारे गट हे काम करतात. बहुतेकांच्या हाती पैसा थोडा आणि मनुष्यबळ त्याहून थोडे असते. म्हणून एका हंगामात किती काढले यापेक्षा काढलेल्या जागेवर पुढची दोन-तीन वर्षे किती वेळा परत जाता येईल, हाच हिशेब आधी करावा लागतो.

घाणेरी किंवा टणटणी (लँटाना कॅमारा) मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली आणि तिथून ती देशभर पसरली. चौकोनी खोड, त्यावर मागे वळलेले काटे आणि पान चुरगळले की हाताला लागणारा उग्र वास ही तिची ओळख. घाणेरी हे नाव त्या वासावरूनच पडले. पाने जनावरांना विषारी असतात. खाल्ली तर यकृत बिघडते आणि उन्हात कातडी सोलवटते. गुरे ती टाळतात, आजूबाजूचे गवत आणि कोवळी रोपे मात्र खातात, त्यामुळे चराईच्या रानात घाणेरीला आयतेच मोकळे मैदान मिळते. काळी पिकलेली फळे बुलबुल आणि साळुंक्या खातात व बी दूरवर टाकतात. शिवाय खोडाचे पेर ओल्या मातीला टेकले की तिथेच मूळ धरते.

नुसत्या कोयत्याने छाटलेली घाणेरी मरत नाही. पहिल्या पावसात एका खुंटातून पाच-सहा फुटवे येतात आणि वर्षभरात जाळी पहिल्यापेक्षा दाट होते. पैसे वाया जातात ते बहुधा इथेच. वणव्यात जळलेली घाणेरीही अशीच परत फुटते. नवे कोंब येतात ते जमिनीच्या पातळीला असलेल्या जाड गाठीतून. त्या गाठीखालच्या मुळाला ही ताकद नसते. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात जी पद्धत बसवली ती याच गोष्टीवर उभी आहे. सगळे झुडूप खणून काढायचे नाही. आधी फांद्या बाजूला सारून बुंधा मोकळा करायचा, कुदळीने माती दोन-तीन बोटे उकरायची आणि गाठीच्या खाली मुख्य मूळ एका घावात तोडायचे. मग अख्खे झुडूप उचलून मुळे वर करून उलटे ठेवायचे. गाठ मातीला टेकली नाही की उन्हाने वाळते. लागते काय? कुदळ, कोयता, चामड्याचे हातमोजे. मुरमाड जागी पहार जवळ असावी.

थोड्या पैशात सुरुवात कुठून करायची, याचे माझ्या मते सर्वांत चांगले उत्तर ऑस्ट्रेलियातून आले आहे. सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी गेल्या शतकात आपल्या परिसरातले रान साफ करताना तीन गोष्टी पाळल्या: जिथे मूळचे रान अजून चांगले आहे तिथून आरंभ करायचा, माती कमीत कमी हलवायची, आणि मूळची झाडे जितक्या वेगाने जागा भरतील तितक्याच वेगाने पुढे सरकायचे. आपल्याकडे हौसेने काम सुरू होते ते सर्वांत दाट जाळीपासून, कारण डोळ्यांत तीच सलते. ती राहू द्यावी. करवंद, बारतोंडी, धायटी, मुरुडशेंग जिथे तग धरून आहेत, तिथल्या तुरळक घाणेरीला आधी हात घालावा. एकरभर जमीन असेल तर पहिल्या वर्षी चाळीसातले दहा गुंठे पुरेत. काम सुरू करण्यापूर्वी एकदा वाकून जाळीखाली पाहावे. हिरड्या-बेहड्याची वीतभर रोपे, खैराची काटेरी काडी, पळसाचे तीन पानांचे रोप सावलीत दडलेले सापडते. त्याला रंगीत चिंधी बांधावी, नाहीतर घाणेरीबरोबर तेही कोयत्याखाली जाते.

जेसीबी लावला की एका दिवसात डोंगर स्वच्छ दिसतो आणि मजुरीपेक्षा स्वस्त पडल्यासारखे वाटते. पुण्याच्या टेकड्यांवर मात्र काळ्या खडकावर मातीचा थर वीत-दीड वीतच असतो. दातऱ्याने तो उलथला की पहिल्या मोठ्या सरीत ओढ्याला जातो आणि उघड्या मुरमावर गाजरगवत येते. भारतात या गवताचा फैलाव पहिल्यांदा नोंदला गेला तो पुण्यातच, 1950 च्या दशकात. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमाही होतो. यंत्राने वाचलेले पैसे पुढची कित्येक वर्षे ते उपटण्यात जातात. तणनाशकाचेही तसेच आहे. उतारावर फवारा मारला तर जपायची रोपे आधी जळतात. शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच करावी, अशी अधिसूचना केंद्र सरकारने 2022 मध्ये काढली.

हंगाम चुकला तर मेहनत दुप्पट होते. आषाढात मुरूम भिजून मऊ पडतो, तेव्हा कुदळ सहज उतरते. रानमोडीची मुळे उथळ असतात, ती पावसात हातानेच उपटून येते. मात्र ती दिवाळीपूर्वी काढावी, कारण नंतर फुलून तिचे बी वाऱ्यावर उडते. घाणेरी फळे हिरवी असतानाच काढावी. काळी फळे धरली असतील तर ती आधी पोत्यात भरून घ्यावीत.

काढलेल्या काटक्यांचे काय करायचे? उतारावर आडव्या, समतल रेषेत रचल्या तर त्यांच्यामागे माती अडते. ढीग दगडांवर ठेवावेत, म्हणजे पेर रुजत नाहीत. जाळू नयेत, आणि मोठा ढीग मार्चपर्यंत तसाच ठेवणेही धोक्याचे, कारण वणवा त्यातूनच उसळतो. सरळ काड्या कुंपणाला आणि चुलीला चालतात. कर्नाटकातल्या सोलिगा समाजाचे कारागीर त्यांपासून फर्निचर करतात.

सुबाभूळ आणि गिरिपुष्प ही झाडे असल्याने त्यांची गोष्ट वेगळी. दोन्ही तोडली की खुंटातून जोमाने फुटतात, आणि गिरिपुष्पाची फांदी मातीत नुसती खोचली तरी जगते. टेकड्यांवर ती वनीकरणात मुद्दाम लावलेली आहेत. शहराच्या हद्दीत झाड तोडायला 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि वनजमिनीवर वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीच काढता येत नाही. कमी खर्चात मोठ्या झाडांना न छेडता त्यांची खालची रोपे दरवर्षी उपटणे जमण्यासारखे आहे.

सगळी जाळी एकदम काढणे पशुपक्ष्यांच्याही मुळावर येते. मोर, ससे, साळिंदर तिच्या आडोशाने राहतात, फुलपाखरे तिच्या फुलांवर येतात. पट्टे सोडत गेले तर त्यांना सरकायला वेळ मिळतो.

पहिल्या पावसाळ्यानंतर मोकळ्या जागी घाणेरीची रोपे दाटीने उगवतात. ती बोटभर असताना चिमटीने निघतात. वर्ष गेले की पुन्हा कुदळ लागते. पक्षी बसतात त्या झाडांखाली आणि पाण्याच्या ओघळीच्या काठाने ती सर्वांत जास्त सापडतात, म्हणून श्रावण-भाद्रपदात निदान या दोन ठिकाणी फेरी मारावीच. दुसऱ्या वर्षी कुसळी, मारवेल अशी गवते बसली की नव्या रोपांना जागा कमी उरते.

झाडे लावायची तर कोणती, हे जवळची देवराई सांगते. 1970 च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी या भागातल्या देवरायांचा अभ्यास केला. तुकडा लहान असला तरी आसपासच्या डोंगरावर पूर्वी काय होते, ते तिथे उभे असते. सगळेच बियांपासून होत नाही. धावड्याचे बी क्वचितच रुजते, तेव्हा त्याच्या जुन्या खुंटाला धुमारा दिसला तर त्याभोवती काट्यांचे आळे करून तो गुरांपासून राखावा. त्या आळ्याला काढलेल्या घाणेरीच्याच फांद्या चालतात, फक्त वाळलेल्या.