सोमवार रात्रीची वेळ: ‘मंडे नायट्रो’ची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या टीव्ही वाहिन्यांचे मालक टेड टर्नर यांनी १९८८ साली जिम क्रॉकेट यांचा कुस्तीचा धंदा विकत घेतला, तो मुळात आपल्या वाहिनीला कार्यक्रम पुरवत राहावा म्हणून. डब्ल्यूसीडब्ल्यू (वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग) हे नाव त्याला तेव्हा मिळालं. पुढची काही वर्षं ही कंपनी कायम दुसऱ्या नंबरावर राहिली. पहिला नंबर अर्थात विन्स मॅकमहोन यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचा (आजची डब्ल्यूडब्ल्यूई), आणि जानेवारी १९९३पासून सोमवार रात्र त्यांच्या ‘मंडे नाइट रॉ’ची. १९९५मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूचे प्रमुख एरिक बिशॉफ यांना टर्नरनी विचारलं, मॅकमहोनना टक्कर द्यायची तर काय लागेल? बिशॉफनी मागितली ऐन गर्दीची वेळ. टर्नरनी ती देऊन टाकली, तीही आपल्या टीएनटी वाहिनीवर, नेमकी ‘रॉ’समोर. त्या वेळेतला कार्यक्रम म्हणजे ‘मंडे नायट्रो’.

पहिला ‘नायट्रो’ ४ सप्टेंबर १९९५ला मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिका या अवाढव्य मॉलमध्ये झाला. स्टिंग आणि रिक फ्लेअर यांची कुस्ती चालू असताना अचानक लेक्स लुगर चालत आला. हा गडी आदल्याच दिवशी डब्ल्यूडब्ल्यूएफसाठी लढला होता! निकाल आधीच ठरलेले असतात, ही नुरा कुस्ती आहे, हे प्रेक्षकाला ठाऊकच होतं. पण कोण कुठल्या कंपनीत दिसेल हे मात्र ठरलेलं नाही, ही नवी गंमत त्या रात्री त्याला कळली. डिसेंबरात तर महिला कुस्तीगीर मदुसाने डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिला विजेतेपदाचा पट्टा आणून ‘नायट्रो’त चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला.

बिशॉफ यांचं दुसरं हत्यार जास्त खुनशी होतं. ‘नायट्रो’ थेट दाखवला जायचा; ‘रॉ’चे बरेच भाग आधी चित्रित केलेले असायचे. मग आज तिकडे कोण जिंकणार हे ‘नायट्रो’वाले सरळ सांगून टाकायचे.

१९९६च्या मे महिन्यात स्कॉट हॉल, पाठोपाठ केव्हिन नॅश असे दोघे डब्ल्यूडब्ल्यूएफमधून आले आणि परक्यांनी चाल करून यावं तसे वावरू लागले. ७ जुलैला डब्ल्यूसीडब्ल्यूच्या ‘बॅश अ‍ॅट द बीच’ या कार्यक्रमात त्यांचा तिसरा साथीदार उघड झाला: हल्क होगन. पिवळ्या-लाल कपड्यातला, मुलांना प्रार्थना करा आणि व्हिटॅमिन खा सांगणारा होगन खलनायक झाल्यावर लोकांनी रिंगमध्ये कचऱ्याचा पाऊस पाडला. ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ची टोळी उभी राहिली आणि सलग ८३ आठवडे ‘नायट्रो’ प्रेक्षकसंख्येत ‘रॉ’च्या पुढे राहिला. आपल्याकडे पोरं तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफचीच ट्रम्प कार्डं खेळत होती. अंडरटेकरची कंपनी तिच्या घरी दीड वर्षाहून जास्त काळ मार खातेय, याचा इथे फारसा कुणाला पत्ता नव्हता.

एप्रिल १९९८मध्ये आपला मल्ल स्टीव्ह ऑस्टिन याच्या जोरावर ‘रॉ’ने ती मालिका तोडली. ‘नायट्रो’ मात्र तोवर तीन तासांचा झाला होता, आणि तीन तास भरण्याइतकं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं माझं मत. त्यानंतर ४ जानेवारी १९९९ची रात्र आली. ‘रॉ’ आधीच चित्रित झालेला, त्यात मिक फोली विजेता होणार होता. ‘नायट्रो’चे निवेदक टोनी शियावोनी यांनी वरून आलेल्या हुकमानुसार ते फोडलं आणि वर कुत्सित शेराही मारला. लाखो प्रेक्षकांनी तो शेरा ऐकला आणि फोलीला जिंकताना बघायला चॅनेल बदललं. इकडे अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये होगनने नॅशच्या छातीला एक बोट लावलं, नॅश धाडकन आडवा झाला, होगन विजेता. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांची याहून उघड फसवणूक क्वचितच झाली असेल.

तरी कंपनी बुडाली ती फक्त त्या बोटाने नव्हे. एओएल आणि टाइम वॉर्नर यांचं विलीनीकरण झाल्यावर टर्नर यांचा शब्द चालेनासा झाला. वाहिन्यांचे नवे प्रमुख जेमी केलनर यांना कुस्ती नकोच होती. त्यांनी तिची वेळ काढून घेतली आणि वेळच नसलेल्या कुस्ती कंपनीला गिऱ्हाईक उरलं एकच. मार्च २००१मध्ये मॅकमहोननी ती स्वस्तात घेतली. २६ मार्चला शेवटचा ‘नायट्रो’ झाला. त्यात मॅकमहोन स्वतः पडद्यावर दिसले. सगळ्या जुन्या चित्रफितीही त्यांच्याच कंपनीकडे गेल्या. त्यामुळे त्या ८३ आठवड्यांचे माहितीपट आज बहुतेक हरवणाऱ्याने नव्हे, तेव्हा हरलेल्याने काढलेले असतात.