पार्श्वभूमी : 'ऑटो'वर टाकलेली मोटार

विहिरीचं पाणी उपसायला आधी मोट, मग इंजिन, मग विजेची मोटार हा क्रम खान्देशात कुणाला नव्याने सांगायला नको. माणूस आणि मोटार यांची खरी फारकत झाली ती भारनियमनाच्या वर्षांत, म्हणजे साधारण २००५ नंतर. शेतीची लाईट पाळीने येऊ लागली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रावेर-यावलच्या केळीला उन्हाळ्यात पाण्याचा ताण सोसत नाही, त्यामुळे रात्री दीडला बॅटरी घेऊन बांधाने विहीर गाठायची. वाटेत साप-विंचू, गिरणाकाठी बिबट्याचीही धास्ती.

साध्या स्टार्टरमध्ये, म्हणजे मोटार चालू-बंद करायच्या पेटीत, लाईट गेली की आतली कॉइल सुटते. लाईट परत आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार उठत नाही. ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे, सुरक्षेसाठी. लोकांनी आधी बटणात काडी खोचून ही अडवणूक मोडून काढली. मग ऑटोस्विच आला : विजेच्या तिन्ही फेज (तारा) आल्या की मोटार आपोआप चालू.

वाद पेटला तो इथे. 'ऑटोस्विच काढा, (डीपीवरचा भार हलका करणारा) कपॅसिटर बसवा,' असं वीज कंपनीने सांगितलं, आजही सांगते. हिशोब चुकीचा नाही. पाच एचपीची मोटार चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, उठताना मात्र पाच-सहा पट. १०० केव्हीएच्या डीपीची, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरची, ताकद १३०-१४० अँपिअर. पंधरा मोटारी चालत्या असल्या तर निभतं. पंधराही एकाच क्षणी उठल्या तर सहाशेच्या घरात. डीपीवरचा फ्यूज, म्हणजे डिओ, उडतो, कधी डीपीच जळते, आणि ऐन वैशाखात नव्या डीपीची वाट बघत बसायचं. पण रात्रीचं वेळापत्रक ज्यांनी लावलं त्यांनीच शेतकऱ्याला 'बटण दाबायला जा' म्हणावं, हे बांधावर कसं पटणार?

गोंधळ शब्दानेही वाढवला. ऑटोस्विच, मोबाईल स्टार्टर, ठिबकचे व्हॉल्व्ह पाळीने उघडणारा कंट्रोलर, सगळ्यांना सरसकट 'ऑटो'च म्हणतात. वास्तविक मोबाईल स्टार्टर उलट्या वाटेचा. लाईट आल्याचं तो फोनवर कळवतो, चालू करायचं की नाही ते माणूस घरी खाटेवरून ठरवतो. २०१७ पासून सौर फीडरची, म्हणजे शेतीच्या लाईनला सौर वीज देण्याची, योजना आली, दिवसा लाईट मिळेल तिथे रात्रीची फेरीही टळते.

मोबाईल स्टार्टरमध्येही 'ऑटो'ची सोय असतेच, आणि बरेच जण तीच लावून ठेवतात. लाईट आल्यावर किती वेळाने मोटार उठावी, तेही त्यात भरता येतं. एकाच डीपीवरच्या पंधरा जणांनी वेगवेगळी मिनिटं भरली तर निम्मा वाद मिटेल. पण शेजाऱ्याने किती भरलीत, हे कोण विचारायला जातं?