कापूस आपला, मग आयात कशाला?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले, तेव्हा यवतमाळकडच्या एका मित्राचा फोन आला. "आपल्याकडं एवढा कापूस पिकते, मंग बाहेरून कायले आणता?" भाव हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण मिलिमीटरमध्ये मोजायचे आहे: कापसाच्या तंतूची लांबी.

देवासाठी वात वळताना बघा. कापसाचा पुंजका नुसता ओढला तर तंतू एकमेकांवरून सरकतात आणि पुंजका सुटतो. तळव्यावर पीळ दिला की सुटत नाही. ना डिंक, ना गाठ. पिळामुळे बाहेरचे तंतू आतल्यांना आवळतात आणि घर्षण वाढते. प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, जाडीच्या हजारपटीहून लांब. बोंड उकलले की ही नळी सुकून चपटी होते आणि फितीसारखी वळते. आतले सेल्युलोजचे धागे मळसूत्रासारखे फिरतात, मध्येच दिशाही बदलतात, म्हणून फीत कधी उजवीकडे तर कधी डावीकडे वळलेली. ही वळणे पकड वाढवतात. तंतूची टोके मात्र सैलच राहतात, भार पेलतो तो मधला भाग. तंतू आखूड असला की वाया जाणाऱ्या टोकांचे प्रमाण वाढते. जास्त पीळ देऊन भागवता येते, पण सूत राठ होते आणि यंत्रातून कमी निघते. बारीक सुतात तर मुळात तंतूच मोजके, दोन-चार निसटले की सूत तुटलेच.

ही लांबी किती नडते ते बघायला आता १८६० चे ब्रिटन घ्या. कापसाच्या आयातीत अमेरिकेचा वाटा पाऊण हिश्शाच्याही वर, भारताचा सहावा-सातवा. पुढच्या वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतली बंदरे अडवली गेली आणि १८६२ मध्ये भारताचा वाटा ७५ टक्क्यांवर गेला. आकडा छाती फुगवणारा, पण टक्केवारी फसवते. ब्रिटनची एकूण आयातच वजनाने सुमारे १३९ कोटी पौंडांवरून ५२ कोटींवर आली होती. आपली निर्यात जेमतेम दुप्पट झाली होती, पाचपट नव्हे.

मुंबईत पैशाचा पाऊस पडला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ओसरला. तिकडे इंग्लंडात लँकशायरचे सूतगिरणी कामगार 'सुरती' म्हणजे भारतातून येणाऱ्या कापसाच्या नावाने बोटे मोडत होते. आपला देशी कापूस साधारण २० मिलिमीटरचा, अमेरिकी २५च्या पुढचा. यंत्रांचे रूळ लांब तंतूच्या अंतरावर बसवलेले, शिवाय आपल्या कापसात कचरा भरपूर. सूत सारखे तुटायचे आणि तुकड्यावर मजुरी घेणाऱ्याच्या पोटाला चिमटा बसायचा. म्हणून देशी कापूस वाईट असे मात्र नव्हे. ढाक्याची मलमल आखूड धाग्याच्याच देशी कापसाची, पण ती दमट हवेत, हाताने कातलेली.

 

आज विदर्भात बहुतेक अमेरिकी जातीचेच संकरित बीटी वाण आहेत, म्हणजे तो जुना फरक बराचसा मिटला. तरी ३५ मिलिमीटरच्या आसपासचा अतिलांब धागा आपल्याकडे फार कमी पिकतो, तो इजिप्त आणि अमेरिकेतून येतो.

मित्राला हे सांगितले. तो म्हणाला, "आमच्या इथं व्यापारी चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढते, पाहते अन् भाव सांगते. ते हेच का?"

हेच.