टेक्सासमधला जस्टिस ऑफ द पीस

जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे बोलताना जेपी, हा अमेरिकेच्या टेक्सास राज्यातला सगळ्यात खालच्या कोर्टाचा न्यायाधीश, आणि तो निवडणूक लढवून येतो. इंग्रजांच्या काळात मुंबईत जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखी मोठी माणसं जेपी होती पण ती सरकारने नेमलेली, टेक्सासमध्ये मात्र काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचे, प्रिसिंक्ट म्हणजे छोटे विभाग पाडलेत आणि तिथले मतदारच चार वर्षांसाठी जेपी निवडतात. उमेदवार रिपब्लिकन नाहीतर डेमोक्रॅट म्हणून उभा राहतो, मार्चमध्ये पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, आणि नोव्हेंबरमध्ये खरी लढत, आणि जिथे एकाच पक्षाचा जोर आहे तिथे मार्चमध्येच निकाल लागल्यासारखा असतो.

वकिलीची डिग्री लागत नाही. रिटायर झालेले पोलीस, कोर्टातले क्लार्क, शिक्षक, दुकानदार असे कोणीही येतात, निवडून आल्यावर पहिल्या वर्षात 80 तासांचं ट्रेनिंग आणि पुढे दरवर्षी 20 तास. माझ्या मते हे ट्रेनिंग खुर्चीवर बसायच्या आधीच व्हायला हवं, कारण पहिल्याच आठवड्यात एखाद्या कुटुंबाला घराबाहेर काढायचं की नाही हे ठरवायची वेळ येऊ शकते.

कारण कामच तसं आहे. 20,000 डॉलरपर्यंतचे पैशाचे दावे, घरमालक-भाडेकरूंची इव्हिक्शनची, म्हणजे भाडेकरूला घराबाहेर काढायची प्रकरणं, आणि ज्यात फक्त दंड होतो असे छोटे गुन्हे. ह्यूस्टन, डॅलसकडे राहणाऱ्या मराठी लोकांची जेपीशी गाठ बहुतेक स्पीडिंगच्या तिकिटामुळे पडते, हायवेवर राज्याच्या पोलिसाने पकडलं तर केस जेपीकडे जाते आणि शहराच्या पोलिसाने दिलेलं तिकीट शक्यतो म्युनिसिपल कोर्टात. शिवाय अटक झालेल्या माणसाला त्याचे हक्क सांगणं, जामिनाची रक्कम ठरवणं हेही जेपी करतो आणि लग्नंसुद्धा लावतो. त्याचा निकाल पटला नाही तर वरच्या काउंटी कोर्टात अपील होतं आणि तिथे बहुतेक वेळा केस पहिल्यापासून नव्याने चालते.

पण सगळ्यात जड काम म्हणजे मृत्यूची चौकशी. टेक्सासमध्ये 254 काउंट्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी सरकारी मेडिकल एक्झामिनर, म्हणजे मृत्यूची तपासणी करणारा डॉक्टर, नाही, त्यामुळे अपघात, आत्महत्या, एकट्या माणसाचा घरात झालेला मृत्यू, अशा वेळी रात्री दोन वाजता फोन येतो तो जेपीला, आणि मृत्यू कशामुळे झाला, शवविच्छेदन करायचं की नाही हे डॉक्टर नसलेला हा माणूस ठरवतो, समोर घरचे लोक रडत असतात आणि गाव लहान असलं तर तो त्यांना नावानिशी ओळखतो. जेपी मिळाला नाही तर ही जबाबदारी काउंटी जजवर, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या प्रमुखावर येते. फेब्रुवारी 2016 मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया पश्चिम टेक्सासच्या एका रँचवर वारले तेव्हा तिथले जेपी उपलब्ध नव्हते, म्हणून प्रेसिडिओ काउंटीच्या काउंटी जज सिंडरेला ग्वेवारा यांनी तिथे न जाता फोनवरच मृत्यू नैसर्गिक असल्याचं ठरवलं, शवविच्छेदन झालं नाही आणि त्यावर देशभर वाद झाला. एवढ्या मोठ्या न्यायमूर्तींसाठीही कायदा तोच, जो गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यासाठी असतो.

जुन्या जेपींमध्ये सगळ्यात गाजलेला रॉय बीन. 1882 मध्ये तो जेपी झाला आणि लँग्ट्री गावात स्वतःच्या दारूच्या गुत्त्यातच कोर्ट भरवायचा, मेलेल्या माणसाच्या खिशात 40 डॉलर आणि पिस्तूल सापडलं म्हणून त्याने त्या मेलेल्या माणसालाच 40 डॉलर दंड लावला असं सांगतात. फाशी देणारा जज म्हणून त्याचं नाव झालं पण त्याने कोणाला फाशी दिल्याची नोंद नाही. तोसुद्धा निवडणूक हरलाय.

किती वेळा निवडून यावं याला मर्यादा नाही, त्यामुळे काहीजण वीस-वीस वर्षं त्याच खुर्चीवर असतात, काहीजण पुढे काउंटी जजसाठी उभे राहतात. मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर काउंटीचं कमिशनर्स कोर्ट (नाव कोर्ट असलं तरी हे काउंटीचा कारभार चालवणारं मंडळ) माणूस नेमतं, जेपीचा पगारही तेच ठरवतं, आणि त्या नेमलेल्या माणसाला जागा टिकवायची तर पुढच्या निवडणुकीत लोकांकडे मत मागायला जावंच लागतं.