बफरचा अ‍ॅड्रेस की ओळीचं स्ट्राइड? चित्र बिघडलं की आधी हे वेगळं करा

कॅमेऱ्याचं चित्र तिरकं दिसलं की बरेच जण थेट बफरच्या (चित्र ज्या मेमरीत उतरतं त्या तुकड्याच्या) अ‍ॅड्रेसवर घसरतात, मॅलॉक (मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) काढून पोझिक्स-मेमअलाइन टाकतात, 4096 चं अलाइनमेंट देतात (म्हणजे बफरची सुरुवात 4096 च्या पटीत) आणि चित्र तसंच तिरकं. अ‍ॅड्रेसचा संबंधच नसतो हो तिथे, तो घोळ स्ट्राइडचा, म्हणजे मेमरीत एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंत किती बाइट याचा.

दादरला लोकल अगदी खुणेवर थांबली, पण तुम्ही डब्याची लांबी हातभर कमी धरलीत तर पहिला डबा जुळतो आणि मग प्रत्येक डब्याला चूक वाढत जाते. खूण म्हणजे बफरची सुरुवात, डब्याची लांबी म्हणजे स्ट्राइड, व्हीफोरएलटूमध्ये (लिनक्सचा कॅमेरा-व्हिडिओ इंटरफेस) त्यालाच बाइट्सपरलाइन म्हणतात.

आता आकडे बघा. पाल सिग्नल (जुन्या टीव्हीचा), 720 बाय 576, युवायव्ही (YUYV) फॉरमॅट, पिक्सेलला 2 बाइट म्हणजे ओळीला 1440. हार्डवेअरला प्रत्येक ओळ 64 च्या पटीत हवी असेल तर ओळ होते 1472, शेवटचे 32 बाइट नुसते भरतीचे. तुमचा प्रोग्राम 1440 च धरून वाचत बसला तर दर ओळीला चित्र 16 पिक्सेल सरकतं, 46 ओळींनी पुन्हा जागेवर येतं आणि परत सरकायला लागतं. भरतीत शून्य असतील तर मधूनमधून हिरवी तिरपी पट्टीही दिसते, ती दिसली की अ‍ॅड्रेस तपासण्यात वेळ घालवू नका, एस-एफएमटी (फॉरमॅट ठरवायचा कॉल) नंतर ड्रायव्हरने काय बाइट्सपरलाइन परत दिलंय ते वाचा आणि तेच वापरा, रुंदी गुणिले दोन असं स्वतः करू नका.

अ‍ॅड्रेसचं दुखणं दिसायला एकदम वेगळं. चित्र सरळ असतं, फक्त कधीतरी बफरच्या सुरुवातीला किंवा शेवटी थोडे बाइट जुने राहतात. 64 बिट लिनक्सवर मॅलॉक साधारण 16 बाइटचं अलाइनमेंट देतं आणि कॅश लाइन (सीपीयूची कॅश एका वेळी हाताळते तो तुकडा) बहुतेक ठिकाणी 64 ची, मग त्याच लाइनीत शेजारी तुमचं दुसरं काही व्हेरिएबल असलं, सीपीयूने ते लिहिलं आणि ती लाइन नंतर मेमरीत उतरली की डीएमएने (सीपीयूला वगळून थेट मेमरीत लिहिणाऱ्या हार्डवेअरने) नुकतंच टाकलेलं पुसलं जातं. लॅपटॉपवर हे दिसतच नाही कारण एक्स86 वर कॅश आणि डीएमए हार्डवेअरच जुळवून घेतं, म्हणून अंधेरीच्या ऑफिसात लॅपटॉपवर सगळं मस्त चालतं आणि एआरएम बोर्डावर गेलं की रडारड. व्हिडिओबफ2 (व्हीफोरएलटू ड्रायव्हरांचे बफर सांभाळणारा कर्नलचा भाग) चा डीएमए-कॉन्टिग भाग युजर पॉइंटरचा (तुम्ही स्वतः दिलेल्या बफरचा) अ‍ॅड्रेस आणि साइझ दोन्ही तपासून जुळत नसेल तर ईइनव्हॅल (चुकीच्या आर्ग्युमेंटची एरर) देतो, ते बरंच आहे, आणि साइझही बघतो हे लोक विसरतात.

एममॅप वापरलंत, म्हणजे ड्रायव्हरचाच बफर घेतलात, तर तो पेजच्या (मेमरीच्या ठरावीक तुकड्याच्या) सीमेवरच मिळतो, ही काळजी मिटते. स्ट्राइडची नाही मिटत. 1920 रुंदीला ओळ 3840 बाइटची, तिला 64 नेही भाग जातो आणि 256 नेही, त्यामुळे फुल एचडीवर कोड बरोबर वाटतो आणि 720 रुंदीवर उघडा पडतो.