सहा विजेतेपदं, पण एकेका रात्रीची

पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकने २०२५मध्ये स्पीडवेचं, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचं, सहावं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि सहाचा आकडा पुन्हा चर्चेत आला. त्याआधी स्वीडनचा टोनी रिकार्डसन २००५मध्ये तिथे पोचला होता. पण हा आकडा पहिल्यांदा गाठला तो न्यूझीलंडच्या आयव्हन मेजरने, १९७९मध्ये. (त्याच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वाचून कुणीही ‘मॉगर’ म्हणेल, उच्चार मात्र ‘मेजर’. लष्कराशी काही संबंध नाही.)

या खेळाच्या मोटरसायकलला ब्रेक नसतात. इंजिन ५०० सीसीचं, इंधन मिथेनॉल, गिअर एकच. लंबगोल मातीच्या ट्रॅकवर चौघे जण डावीकडे वळत चार फेऱ्या मारतात, आणि वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवूनच गाडी फिरवायची असते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला काही नाही. अशी एक शर्यत, म्हणजे हीट, जेमतेम मिनिटभराची, त्यामुळे सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर उडताच कोण आधी सुटतो यावर निम्मा निकाल लागून जातो. मेजरची ख्याती होती ती याच सुरुवातीसाठी.

तो क्राइस्टचर्चचा. एकाच शहरातून रॉनी मूर, बॅरी ब्रिग्ज आणि मेजर असे तीन विश्वविजेते निघाले, हे आजही नवल वाटावं असं. मूर आणि ब्रिग्ज विशीत असतानाच जगज्जेते झाले. मेजरचं तसं नव्हतं. १९५७मध्ये सतरा वर्षांचा असताना तो इंग्लंडला विम्बल्डनच्या स्पीडवे संघाकडे गेला, पण तिथे त्याचा जम बसला नाही आणि तो मायदेशी परतला. पुन्हा इंग्लंडला आला तो १९६३मध्ये, न्यूकॅसलकडून, तेही खालच्या दर्जाच्या लीगमध्ये. मला तर ही मधली वर्षंच त्याच्या कारकिर्दीचा पाया वाटतात. दुसऱ्यांदा आलेल्या मेजरने नुसत्या धाडसावर भिस्त ठेवली नाही. गाडीची तयारी, ट्रॅकचा अभ्यास, स्वतःची तंदुरुस्ती, सगळंच त्याने पेशा म्हणून हाताळलं.

१९६८, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ तीन जागतिक विजेतेपदं त्याने जिंकली. असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. हॅटट्रिक झाली तर गाडीला सोन्याचा मुलामा देऊ, असं दोन अमेरिकन चाहत्यांनी कबूल केलं होतं; त्यांनी शब्द पाळला. पुढच्याच वर्षी, १९७१मध्ये, डेन्मार्कच्या ओले ओल्सनने त्याला मागे टाकलं. हा ओल्सन मेजरच्याच तालमीत घडलेला.

आज सहा विजेतेपदांची तुलना करताना एक गोष्ट हमखास निसटते. १९९५पासून विजेता ठरतो तो वर्षभराच्या ग्रांप्री मालिकेतून. त्याआधी सगळा फैसला एका रात्रीत व्हायचा: सोळा रायडर, वीस हीट, प्रत्येकाच्या वाट्याला पाच हीट. एकदा पडलात किंवा इंजिन बंद पडलं की वर्ष वाया गेलं. रिकार्डसनचं १९९४चं पहिलं विजेतेपद हे या जुन्या पद्धतीचं अखेरचं. त्याची बाकीची पाच आणि झ्मार्झलिकची सहाही ग्रांप्रीतली. मेजरची सहाच्या सहा एकेका रात्रीची.

ती रात्र किती निष्ठुर असते हे मेजरला १९७३मध्ये कळलं. पोलंडमधल्या खोझूफला तो आणि स्थानिक येझी श्चाकेल यांचे १३-१३ गुण झाले. श्चाकेलचं नाव तोवर बाहेर फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. निर्णायक हीटमध्ये त्याला ओलांडायच्या प्रयत्नात मेजर पडला आणि पोलंडला पहिला विश्वविजेता मिळाला.

१९७२ आणि १९७७ धरून पाच विजेतेपदं झाली, तेव्हा मेजर स्वीडनच्या ओव्ह फुंडिनच्या बरोबरीला आला. सहाव्यासाठी १९७९मध्ये तो पुन्हा खोझूफलाच उतरला. तेव्हा त्याला चाळिसावं वर्ष चालू होतं. या खेपेला स्थानिक झेनॉन प्लेख दुसरा आला.